ॲस्बेस्टसजन्य रोगांच्या भरपाईतील विकृतिवैज्ञानिक पुरावा

ॲस्बेस्टसजन्य रोगांच्या भरपाईतील विकृतिवैज्ञानिक पुरावा : ॲस्बेस्टसच्या धुळीमुळे रोग जडलेल्या कामगाराने अथवा त्याच्या वारसांनी मागितलेल्या नुकसानभरपाईच्या निर्णयात शरीरातील ऊतकांच्या तपासणीतून मिळणाऱ्या पुराव्याला हे नाव देता येईल. शवपरीक्षेत काढलेली फुप्फुसे, जीवोतक परीक्षेसाठी घेतलेला ऊतकाचा तुकडा, श्वासनलिकांतील धुवण, परिफुप्फुसात साचलेला द्रव आणि त्यांत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे तंतू व कोशिका या सर्वांचा त्यात समावेश होतो. रोग कोणता आणि तो कशामुळे झाला, या दोन प्रश्नांची उत्तरे विकृतिवैज्ञानिकाकडून अपेक्षित असतात. भरपाई कोणी व किती द्यावी हा तिसरा प्रश्न मात्र कायद्याचा आहे. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले गेल्यामुळे गेल्या शंभर वर्षांत अनेक कामगारांचे दावे फेटाळले गेले व काहींचे मंजूरही झाले. ऊतकांच्या पुराव्यामुळेच हा रोग कायद्याच्या नजरेस आला. परंतु तोच पुरावा दाव्याची अट म्हणून मागितला जाऊ लागला, तेव्हा जिवंत कामगाराला तो देणे बहुधा अशक्य ठरले. या विषयाच्या इतिहासाचे सार थोडक्यात असे सांगता येईल.

द्रव्य व रोग : ॲस्बेस्टस हे तंतुमय सिलिकेट खनिजांच्या एका गटाचे व्यापारी नाव आहे. सर्पेंटाइन वर्गातील क्रायसोटाइल किंवा पांढरे ॲस्बेस्टस आणि अँफिबोल वर्गातील क्रोसिडोलाइट (निळे), अमोसाइट (तपकिरी) इ. प्रकार असे त्याचे दोन भाग पडतात. उष्णता, अम्ले व घर्षण यांना दाद न देण्याच्या गुणामुळे छपरांचे पत्रे, नळ, वाहनांचे गतिरोधक, अग्निरोधक कापड, बाष्पित्रांची व वाफवाहिन्यांची आवरणे यांत त्याचा मुबलक वापर झाला. हवेत तरंगणारे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथील महाभक्षी कोशिकांना लांब तंतू गिळून टाकता येत नाहीत. परिणामी दीर्घकाळ शोथ राहून फुप्फुसाचे मऊ ऊतक कठीण, तंतुमय होत जाते. याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. ही विकृती प्रथम फुप्फुसांच्या तळभागी दिसते. धाप लागणे, कोरडा खोकला व बोटांची टोके फुगणे ही तिची लक्षणे आहेत. यांखेरीज परिफुप्फुसावर चकत्यांसारखे जाड थर येणे, फुप्फुसाचा कर्करोग आणि परिफुप्फुस अथवा पर्युदर यांचा मेसोथेलिओमा हा दुर्धर कर्करोग, हे रोगही याच तंतूंमुळे होतात. धुळीशी पहिला संपर्क व रोगाचे निदान यांत सामान्यतः वीस ते पन्नास वर्षांचे अंतर असते. या दीर्घ सुप्तावस्थेमुळेच भरपाईचे सर्व प्रश्न बिकट होतात.

ऊतकांतील खुणा : फुप्फुसात अडकलेल्या काही तंतूंभोवती शरीर लोहयुक्त प्रथिनाचे आवरण चढवते. सूक्ष्मदर्शकाखाली सोनेरी-तपकिरी, मण्यांच्या माळेसारखे किंवा डंबेलच्या आकाराचे दिसणारे हे कण ‘ॲस्बेस्टस पिंड’ म्हणून ओळखले जातात. लोहासाठी वापरल्या जाणाऱ्या निळ्या अभिरंजनाने ते सहज उठून दिसतात. त्यांचे अस्तित्व हा धुळीशी संपर्क आल्याचा पुरावा आहे. ते रोगाचे कारण नव्हेत आणि ते आढळले म्हणजे रोग झालाच असेही नाही. याउलट आवरण न चढलेले उघडे तंतू साध्या सूक्ष्मदर्शकाने बहुधा दिसतच नाहीत. त्यांची गणना करण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची गरज पडते. संपर्काची खूण व रोगाची खूण यांतील हा भेद न्यायालयांपुढे वारंवार विसरला गेला आहे.

ब्रिटनमधील प्रारंभ : ॲस्बेस्टसच्या धुळीने झालेल्या मृत्यूचा पहिला महत्त्वाचा विकृतिवैज्ञानिक पुरावा लंडनमधील चेअरिंग क्रॉस रुग्णालयात मिळाला. १८९९ मध्ये तेथे आलेला ३३ वर्षांचा एक कामगार चौदा वर्षे ॲस्बेस्टसच्या कारखान्यात काम करीत होता. पिंजण विभागात आपल्याबरोबर असलेल्या दहा जणांपैकी आपण एकटेच उरलो आहोत, असे त्याने डॉ. माँटेग्यू मरी यांना सांगितले. त्याच्या मृत्यूनंतर शवपरीक्षेत फुप्फुसांचे तंतूभवन व त्यांत खनिजाच्या शलाका आढळल्या. औद्योगिक रोगांच्या भरपाईचा विचार करणाऱ्या सरकारी समितीपुढे मरी यांनी १९०६ मध्ये ही माहिती सांगितली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कामगार भरपाईचा कायदा सुधारून शिसे, पारा, फॉस्फरस यांच्या विषबाधेसह सहा रोगांना तो लागू करण्यात आला होता. समितीने त्या यादीत भर घातली. पण ॲस्बेस्टसचा तीत समावेश झाला नाही. एकाच शवपरीक्षेचा पुरावा, तोही काही वर्षे आधी मिळालेला, कायद्याच्या यादीत पोहोचू शकला नाही.

रॉचडेल येथील नेली केर्शॉ या कामगार स्त्रीच्या प्रकरणाने या प्रश्नाला वाचा फुटली. ॲस्बेस्टसचे सूत कातणाऱ्या या स्त्रीने आजारामुळे १९२२ मध्ये काम सोडले. तिच्या डॉक्टरांनी ‘ॲस्बेस्टसची विषबाधा’ असे प्रमाणपत्र दिले. रोग व्यवसायजन्य असल्याने त्याची भरपाई मालकाने द्यावी, असे म्हणून आजारविम्याच्या संस्थेने पैसे नाकारले. तर असा रोग कायद्याच्या यादीतच नाही, असे म्हणून मालकाने हात वर केले. १४ मार्च १९२४ रोजी वयाच्या ३३ व्या वर्षी ती मरण पावली. अकस्मात मृत्यूच्या चौकशीत विल्यम एडमंड कुक या विकृतिवैज्ञानिकाने तिच्या फुप्फुसांची तपासणी केली. क्षयाचे जुने व्रण तेथे होते. तथापि त्यांहून कितीतरी अधिक विस्तृत असे तंतूभवन व त्यांत रुतलेले खनिज कण त्यांना आढळले. ते कण त्यांनी ॲस्बेस्टसच्या नमुन्यांशी ताडून पाहिले आणि तंतूभवनाचे मूळ कारण तेच असल्याची साक्ष दिली. मृत्यूचे कारण म्हणून खनिज कणांच्या श्वसनाची नोंद झाली. तरीही तिच्या कुटुंबाला भरपाई मिळाली नाही. कुक यांनी हे प्रकरण त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि १९२७ मध्ये या रोगाला ‘पल्मनरी ॲस्बेस्टॉसिस’ हे नाव दिले.

या प्रकरणातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. क्षयाच्या खुणा असल्या तरी दुसरा रोग वेगळा ओळखता येतो, हे ऊतकांच्या तपासणीने दाखवले. मात्र वैद्यकीय सत्य सिद्ध झाले तरी कायद्यात त्याला जागा नसेल, तर तेवढ्याने भरपाई मिळत नाही, हेही दिसून आले. यानंतर सरकारी कारखाना-वैद्य ई. आर. ए. मेरेवेदर व निरीक्षक सी. डब्ल्यू. प्राइस यांनी ३६३ कामगारांची तपासणी केली. त्यांपैकी ९५ जणांना, म्हणजे सु. २६ टक्क्यांना, फुप्फुसांचे तंतूभवन असल्याचे त्यांनी १९३० च्या अहवालात नमूद केले. नोकरीचा काळ जितका अधिक तितके रोगाचे प्रमाण अधिक, हा त्यांचा निष्कर्ष होता. १९३१ मध्ये धूळ-नियंत्रणाचे नियम व भरपाईची योजना दोन्ही तयार करण्यात आली. ॲस्बेस्टॉसिसचे निदान वैद्यकीय मंडळाकडे सोपविण्यात आले. ही योजना ठराविक प्रक्रियांपुरती मर्यादित राहिल्याने बाष्पित्रांना आवरणे चढविणारे असंख्य कारागीर तिच्या कक्षेबाहेर राहिले.

कर्करोगाचा प्रश्न : ॲस्बेस्टॉसिस झालेल्यांच्या शवपरीक्षांतून फुप्फुसाच्या कर्करोगाची प्रकरणे १९३५ मध्ये ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत नोंदली गेली. जर्मनीने १९४३ मध्ये ॲस्बेस्टॉसिससह झालेला फुप्फुसाचा कर्करोग भरपाईस पात्र ठरविला. ब्रिटनच्या मुख्य कारखाना-निरीक्षकांच्या १९४७ च्या वार्षिक अहवालानुसार १९२४ ते १९४६ या काळात ॲस्बेस्टॉसिस असताना मृत्यू पावलेल्या २३५ व्यक्तींपैकी ३१ जणांच्या, म्हणजे सु. १३ टक्के, फुप्फुसांत कर्करोग होता. सिलिकोसिसच्या रुग्णांत हेच प्रमाण सु. १.३ टक्के होते. हा निष्कर्ष शवपरीक्षांच्या नोंदींवर आधारलेला होता. रिचर्ड डॉल यांनी १९५५ मध्ये रॉचडेलच्या एका कारखान्यातील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वीस वा अधिक वर्षे धुळीत काम केलेल्या ११३ पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाने ११ मृत्यू झाले होते. सर्वसाधारण लोकसंख्येच्या प्रमाणाने एकही मृत्यू पुरता अपेक्षित नव्हता. हा निबंध प्रसिद्ध होऊ नये असा कंपनीच्या व्यवस्थापनाचा प्रयत्न होता. ऊतकांचे नमुने व नोंदी ज्याच्या ताब्यात, त्याच्याच हाती पुरावा राहतो, हे या घटनेवरून लक्षात येते.

जे. सी. वॅग्नर या विकृतिवैज्ञानिकांनी दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताच्या निळ्या ॲस्बेस्टसच्या खाणपट्ट्यातील मेसोथेलिओमाची ३३ प्रकरणे सहकाऱ्यांसह १९६० मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी पुष्कळ जण खाणकामगार नव्हते. ते केवळ खाणींच्या परिसरात राहिलेले किंवा लहानपणी तेथे वावरलेले होते. यामुळे अल्प व जुन्या संपर्कानेही रोग होऊ शकतो हे मान्य करावे लागले. मेसोथेलिओमा अन्यथा अत्यंत विरळ असल्याने, त्याचे निदान हाच ॲस्बेस्टसशी संबंध असल्याचा सबळ पुरावा मानला जाऊ लागला आणि ब्रिटनने १९६६ मध्ये त्याचा भरपाईच्या यादीत समावेश केला. फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत मात्र धूम्रपानाचा मुद्दा उभा राहतो. कर्करोगाच्या कोशिका पाहून त्याचे कारण तंबाखू की ॲस्बेस्टस हे सांगता येत नाही. तसेच दोन्ही कारणे एकत्र आल्यास धोका केवळ बेरजेपेक्षा बराच वाढतो. म्हणून ‘कामगार विडी ओढत होता’ एवढ्या उत्तराने दावा संपत नाही.

अमेरिकेत क्लॅरेन्स बोरेल या आवरण-कारागिराने तेहतीस वर्षे हे काम केले होते. १९६९ मध्ये फुप्फुसाच्या जीवोतक परीक्षेत त्याला ॲस्बेस्टॉसिस व पुढच्या वर्षी मेसोथेलिओमा असल्याचे आढळले. खटला उभा राहण्यापूर्वीच तो मरण पावला. १९७३ मध्ये अपील न्यायालयाने उत्पादकांना दोषी धरले. धोक्याची सूचना देण्याचे त्यांचे कर्तव्य होते असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढील हजारो दाव्यांचा पाया या खटल्याने घातला. त्या दाव्यांत दोन्ही पक्षांकडून विकृतिवैज्ञानिक तज्ञ उभे राहू लागले आणि एकाच काचपट्टीवरून परस्परविरुद्ध मते मांडली जाऊ लागली.

निकष व त्यांच्या मर्यादा : अशा वादांना आळा घालण्यासाठी १९९७ मध्ये हेलसिंकी येथे जमलेल्या तज्ञांनी निकष ठरविले व २०१४ मध्ये त्यांत सुधारणा केली. कर्करोगाच्या गाठीपासून दूरच्या फुप्फुस-ऊतकात पसरलेले तंतूभवन आणि त्याबरोबर एक चौ. सेंमी. छेदात किमान दोन ॲस्बेस्टस पिंड असतील, तर ॲस्बेस्टॉसिसचे ऊतकीय निदान करता येते. कर्करोगासाठी वाळविलेल्या ऊतकाच्या दर ग्रॅममधील पिंड व तंतू यांच्या संख्येच्या मर्यादा दिलेल्या आहेत. मेसोथेलिओमाच्या निदानासाठी कॅलरेटिनिनसारख्या प्रथिनांचे प्रतिरक्षा-अभिरंजन करून तो अन्य अवयवांतून पसरलेल्या ग्रंथि-कर्करोगापासून वेगळा ओळखावा लागतो.

या निकषांत एक महत्त्वाचा इशाराही दिलेला आहे. अँफिबोल तंतू फुप्फुसात दशकानुदशके टिकतात व त्यांच्याभोवती पिंड सहज तयार होतात. क्रायसोटाइलचे तंतू मात्र तुटतात, विरघळतात व फुप्फुसातून बऱ्याच अंशी बाहेर पडतात. त्यांच्यावर पिंडही कमी तयार होतात. त्यामुळे क्रायसोटाइलमध्ये आयुष्य घालविलेल्या कामगाराच्या ऊतकात वीस वर्षांनी फारसे तंतू न सापडणे हा त्याच्या विरुद्धचा पुरावा ठरत नाही. अशा वेळी त्याने कोठे, किती वर्षे व कोणते काम केले हा इतिहासच अधिक विश्वसनीय असतो. भारतात दीर्घकाळ वापरले गेलेले ॲस्बेस्टस मुख्यत्वे क्रायसोटाइल असल्यामुळे हा इशारा आपल्याकडे विशेष लागू पडतो. शिवाय आधीच श्वसनशक्ती घटलेल्या माणसाच्या फुप्फुसाचा तुकडा केवळ दाव्यासाठी काढणे धोक्याचे व अनुचित आहे. कामाचा इतिहास, क्ष-किरण वा संगणकीय छेदचित्रे आणि श्वसनक्षमतेच्या चाचण्या यांवरून बहुतेक रुग्णांत निदान पुरेशा खात्रीने करता येते, असेच मत आज सर्वत्र मान्य आहे.

विज्ञान जेथे थांबते तेथे कायद्याला मार्ग काढावा लागतो, याचे उदाहरण फेअरचाइल्ड खटल्यात मिळते. एकापेक्षा अधिक मालकांकडे धुळीत काम केलेल्या कामगाराला मेसोथेलिओमा झाल्यास तो कोणत्या मालकाकडील तंतूंमुळे झाला हे कोणताही विकृतिवैज्ञानिक सांगू शकत नाही. म्हणून कोणीच जबाबदार नाही, हा युक्तिवाद ब्रिटनच्या उमराव सभेने २००२ मध्ये अमान्य केला आणि धोका वाढविणाऱ्या प्रत्येक मालकास जबाबदार धरले.

भारतातील कायदा : कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ (२०१० पासून ‘कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम’) याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी तीन भागांत दिलेली होती. ॲस्बेस्टसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा यांचा समावेश ‘ब’ भागात, तर सिलिकोसिस व ॲस्बेस्टॉसिस यांसारख्या धूलिजन्य रोगांचा समावेश ‘क’ भागात होता. यादीतील धंद्यात ठरविलेला किमान काळ काम केलेल्या कामगाराला नोकरीत असताना तो रोग झाला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत तो नोकरीमुळेच झाला असे कायदा गृहीत धरी. अशा वेळी विकृतिवैज्ञानिक पुरावा देण्याचे ओझे मालकावर पडे. अनेक मालकांकडे काम केले असल्यास त्यांच्यात भरपाईची वाटणी करण्याचा अधिकारही आयुक्ताला होता. फेअरचाइल्ड खटल्यातील प्रश्नाला आपल्या कायद्याने त्याच्या पुष्कळ आधीच उत्तर दिले होते.

तथापि नोकरी संपल्यावर रोग उद्‌भवला, तर तो त्या नोकरीमुळेच झाला हे कामगाराने सिद्ध करावयाचे होते. दाव्याच्या मुदतीबाबतही, नोकरी सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली तरच ती प्रथम आढळल्याचा दिवस अपघाताचा दिवस मानला जाई. ज्या रोगाची सुप्तावस्था वीस ते पन्नास वर्षे आहे, त्याला ही दोन वर्षांची मर्यादा सर्वथा अपुरी होती. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार आयुक्ताला होता हे खरे. पण निवृत्तीनंतर गावी परतलेल्या कामगाराला हा मार्ग ठाऊक असण्याचा संभव थोडा. राज्य विम्याखालील कामगारांना १९४८ च्या अधिनियमानुसार विमा महामंडळाच्या वैद्यकीय मंडळाकडे जावे लागे व त्यांना आयुक्ताकडील मार्ग बंद असे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आल्यानंतर या दोन्ही अधिनियमांची जागा तिने घेतली आहे. व्यवसायजन्य रोगांची यादी तिच्याही तिसऱ्या परिशिष्टात आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय : अहमदाबाद येथील ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने १९८६ मध्ये केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी निर्णय दिला. नोकरीत असताना व निवृत्तीनंतरही आरोग्य व वैद्यकीय मदत मिळणे हा कामगाराचा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाखालील हक्क आहे, असे त्यात ठरले. नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा ती संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कारखान्याने जपून ठेवावी. हवेतील तंतूंची मोजणी विशिष्ट गाळणी-पद्धतीने करावी. सर्व कामगारांचा आरोग्य विमा उतरवावा, असे आदेश देण्यात आले. गुजरातमधील प्रकरणांत कामगारांची फेरतपासणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने करावी व तिने रोग प्रमाणित केल्यास प्रत्येकास एक लाख रुपये द्यावेत, असेही ठरले. नोंदी जपण्याच्या या आदेशाला पुराव्याच्या दृष्टीने असाधारण महत्त्व आहे. ऊतकातून तंतू नाहीसे झाले तरी कागदावरील नोंद राहते आणि ती जपण्याची जबाबदारी मालकाची आहे, हे तत्त्व त्यात आहे. ॲस्बेस्टसवर संपूर्ण बंदीची मागणी करणारा अर्ज न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळला. मात्र १९९५ च्या आदेशांचा त्या वेळी पुनरुच्चार करण्यात आला.

प्रमाणपत्रातील शब्दांना किती महत्त्व असते हे अलंग येथील जहाज-तोडणीच्या प्रकरणात दिसून आले. सर्वोच्च न्यायालयापुढील तांत्रिक समितीच्या २००६ च्या अहवालानुसार ॲस्बेस्टस हाताळणाऱ्या ९४ कामगारांपैकी १५ जणांच्या, म्हणजे १६ टक्क्यांच्या, क्ष-किरण चित्रांत ॲस्बेस्टॉसिसशी सुसंगत अशा छाया आढळल्या. ‘सुसंगत’ हा वैद्यकाचा सावध शब्द आहे. अशा शब्दाचा अर्थ ‘असिद्ध’ असा लावला, तर तपासणी होऊनही कामगाराच्या पदरी काही पडत नाही. दिवाणी दाव्यात संभवाच्या अधिक्याने निर्णय करावयाचा असतो. प्रयोगशाळेतील निर्विवादतेची अपेक्षा तेथे धरणे न्यायाचे नाही.

महाराष्ट्र : मुंबईच्या मुलुंड व घाटकोपर या उपनगरांत विसाव्या शतकात ॲस्बेस्टस सिमेंट व घर्षणरोधक वस्तूंचे कारखाने उभे राहिले. त्यांत काम करणाऱ्यांत कोकण व देशावरून आलेल्या मराठी कामगारांचा मोठा भरणा होता. मुंबईतील अशाच एका कारखान्यातील कामगारांची पाहणी व्ही. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केली. वीस वर्षांहून अधिक काळ काम केलेल्या १८१ कामगारांपैकी एकपंचमांशाहून अधिक जणांना ॲस्बेस्टसजन्य रोग असल्याचे त्यांना दिसले. ही पाहणी जीवोतक परीक्षेवर नव्हे, तर कामाचा इतिहास, क्ष-किरण चित्रे व श्वसन-चाचण्या यांवर आधारलेली होती आणि कामगारांना प्रमाणपत्रे मिळावीत हा तिचा उघड हेतू होता. देशातील एक लाखाच्या घरातील संपर्कित कामगारांपैकी तोवर तिसांहूनही कमी जणांना भरपाई मिळाली होती, असा त्यांचा अंदाज होता. ॲस्बेस्टॉसिसला क्षय अथवा जुना श्वासनलिकादाह समजले जाणे, हे त्याचे एक प्रमुख कारण त्यांनी सांगितले. १९२४ मध्ये कुक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जो भेद दाखविला, तोच भेद ऐंशी वर्षांनंतर मुंबईत दुर्लक्षिला जात होता.

ऊतकांचा पुरावा आपल्याकडे विरळ असण्याची कारणे स्पष्ट आहेत. व्यवसायजन्य रोगाने घरी मृत्यू आल्यास शवपरीक्षा सहसा होत नाही. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय (१९४१) व वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्यासारखे विकृतिवैज्ञानिक यांच्यामुळे कर्करोगाच्या ऊतकीय निदानाची मोठी परंपरा निर्माण झाली. १९६३ पासून शहरात कर्करोगाची नोंदणीही सुरू आहे. परंतु रुग्णाच्या कागदावर त्याचा पूर्वीचा व्यवसाय लिहिला गेला नसेल, तर उत्तम निदानही भरपाईच्या कामी येत नाही. पॅराफिनमध्ये बसविलेले ऊतकाचे ठोकळे अनेक वर्षे टिकतात व त्यांची पुन्हा तपासणी करता येते. त्यामुळे ते जपून ठेवणे हे वारसांच्या दृष्टीने मोलाचे आहे.

कोल्हापूर : कोल्हापूर जिल्ह्यात ॲस्बेस्टसच्या उत्पादनापेक्षा त्याच्या वापराचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. साखर कारखान्यांतील बाष्पित्रे व वाफवाहिन्या यांच्या आवरणांसाठी, तसेच ओतशाळांत उष्णतारोधक दोर, तक्ते व हातमोजे यांसाठी हे द्रव्य जगभर वापरले गेले. स्वीडनमधील साखर-शुद्धी कारखान्यांच्या कामगारांत मेसोथेलिओमाचे प्रमाण अधिक आढळले, त्याचे कारण साखर नसून नळांची आवरणे हे होते. अशी आवरणे उतरविणारा कंत्राटी कामगार कोणत्याही एका कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो; त्यामुळे त्याच्या कामाचा इतिहास सिद्ध करणे सर्वांत कठीण जाते.

ॲस्बेस्टॉसिसबरोबर परिशिष्टाच्या ‘क’ भागात जे अन्य रोग दिले आहेत, ते पाहिले तर या जिल्ह्याचे उद्योगच डोळ्यांपुढे येतात. शिवाजी उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांत साच्यांसाठी वाळू वापरतात; तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो. शाहू मिलपासून (१९०६) इचलकरंजीच्या मागांपर्यंत कापडधंद्याची परंपरा आहे. कापसाच्या धुळीने बायसिनोसिस होतो. साखर कारखान्यांत साठविलेल्या बुरशीयुक्त उसाच्या चिपाडांच्या धुळीने बगॅसोसिस होतो. यांतील प्रत्येक रोगात ऊतकांचा पुरावा वेगळा असतो. सिलिकोसिसमध्ये वर्तुळाकार कठीण गाठी दिसतात व क्षयाचा धोकाही वाढतो. बायसिनोसिसमध्ये फुप्फुसाच्या ऊतकात निर्णायक अशी कोणतीच खूण नसते. सुटीनंतर कामावर परतण्याच्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हेच त्याचे ओळखचिन्ह असते. ऊतकातील खुणेची अट सरसकट लावली तर बायसिनोसिसचा एकही दावा टिकणार नाही. ॲस्बेस्टसच्या खटल्यांतून मिळालेला धडा या जिल्ह्यातील उद्योगांना असा थेट लागू पडतो.

मूल्यमापन : विकृतिविज्ञानाने या इतिहासात तीन वेळा निर्णायक कार्य केले : रोगाला स्वतंत्र अस्तित्व दिले, कर्करोगाशी त्याचा संबंध दाखविला आणि कारखान्याबाहेरील माणसांनाही तो होतो हे सिद्ध केले. ही तिन्ही कार्ये समूहासाठी होती. एकेका कामगाराच्या दाव्यात मात्र त्याचे स्थान साहाय्यक पुराव्याचे आहे. ऊतकात खूण सापडली तर ती दाव्याला बळ देते. न सापडली तर तेवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही. म्हणून रोगांची यादी, नोकरीवरून काढलेले कायदेशीर गृहीत आणि दीर्घकाळ जपलेल्या नोंदी यांवरच भरपाईची व्यवस्था मुख्यतः उभी राहावी लागते. वैद्याने रुग्णाच्या कागदावर त्याच्या कामाची ओळ लिहिली, कारखान्याने हजेरीपट व आरोग्यपत्रके सांभाळली आणि रुग्णालयाने ऊतकाचा ठोकळा टाकून दिला नाही, तर तीस वर्षांनी दाखल होणाऱ्या दाव्यातही सत्य कळू शकते.